शाळेचा 'सर्वसमावेशक' कार्यक्रम: वेशभूषा आणि स्टॉल सोडून काय करता येईल?

फोंडामाळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. पहिली ते दहावी एकाच आवारात. यंदा डिसेंबरात अख्ख्या शाळेचा मिळून एक कार्यक्रम करायचा आहे, विषय 'सर्वांची शाळा'. स्टाफ मीटिंगमध्ये पाच मिनिटांत ठरलं: 'विविधतेत एकता', प्रत्येक वर्गाला एक राज्य, त्या राज्याचा पोशाख, नाच आणि खाद्यपदार्थांचा स्टॉल. सातवीला पंजाब मिळालाय. सातवीतल्या एकाही मुलाचा पंजाबशी संबंध नाही, पण भांगडा करायला सोपा.

आमच्या शाळेत गावातली मुलं आहेत. औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या खोल्यांतली, घरी कन्नड बोलणारी आहेत. ओडिशा, झारखंडकडची आहेत. थोडी कॅथलिक, थोडी मुसलमान. डोंगरावरच्या धनगरवाड्यातून उतरून येणारी भावंडं आहेत. एक मुलगा स्वमग्न आहे, एका मुलीला श्रवणयंत्र आहे. म्हणजे विविधता बाहेरून आणायची गरज नाही, ती रोज सकाळी प्रार्थनेला रांगेत उभी असते.

मीटिंगनंतर मी कपाटातून गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवसाचा हजेरीपट काढला. गैरहजर कोण, तर नेमकी हीच मुलं. येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण ड्रेसचं भाडं घरून आणायचं होतं, सराव शाळा सुटल्यावर होता आणि बालरथ (शाळेची बस) कुणासाठी थांबत नाही. ज्याला बालरथ चुकवून चालत नाही तो नाचात नाही, आणि नाचात नसलेल्या मुलाला त्या दिवशी शाळेत करायला काहीच नसतं. मग कशाला येईल?

तर एकच विषय घेऊन अख्खी शाळा कामाला लागेल आणि प्रत्येकाच्या वाट्याला खरं काम येईल, असं काही सुचतंय का? पैसे जवळजवळ नाहीत.

गुरुजी_निवृत्त

विषय चांगला काढलात, बाय. मी पेडण्यात चाळीशी पार करेपर्यंत प्राथमिकला होतो, पुढे हायस्कूलला. आमच्या वेळी 'इन्क्लुझिव्ह' वगैरे कोणी म्हणत नसे, पण शिगम्याचं रोमट (मिरवणूक) निघालं की सगळा गाव त्यात असायचा. ढोल-ताशा वाजवायला जमला नाही तरी मागून 'ओस्सय' ओरडायला कोणालाही जमतं. माझी सूचना अशी की वर्षभराचे सण घ्यावेत. गणेशचवथीला फळापानांची माटोळी, जूनमध्ये सांज्यांवचे (सेंट जॉनच्या सणाचे) फुलांचे कोपेल म्हणजे मुकुट, नाताळात गोठा, ईद. गोव्यात हे एकमेकांत मिसळलेलंच आहे. शिवोलीचा झागर (लोकनाट्य) बघा, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. कुंकळ्ळीची सोत्र्यांची मिरवणूक फातर्प्याला जाते तेव्हा बारा छत्र्यांमागे कोणकोण असतं ते एकदा जाऊन बघा. शिरगावच्या लईराईची आणि म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीची बहिणी-बहिणी म्हणून देवाणघेवाण चालते. घुमट तर २०१९ पासून राज्याचं वारसा वाद्य आहे. मुलांना हे आपलं वाटतं, शिकवावं लागत नाही.

वास्कोवाली

गुरुजी, आदर ठेवून असहमत.

सणांच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते गोयकाराला लागू पडतं. माझ्या वर्गातला विजयपूर जिल्ह्यातला मुलगा, त्याचा सण तुमच्या यादीत कुठे आहे? गावाकडची जत्रा आली की तो आठवडाभर गायब असतो आणि आपण वहीत 'अनियमित' लिहितो. सणांची यादी कितीही लांबवा, कोणीतरी सुटतंच. ज्याचा सण असतो तो यजमान, बाकीचे पाहुणे. शिवाय काही पालकांना मूल दुसऱ्या धर्माच्या विधीत उभं केलेलं चालत नाही. त्यांची बाजू पटो न पटो, मूल दोन्हीकडून ओढलं जातं.

मला वाटतं विषय असा हवा ज्यात कोणीच यजमान नाही.

सुडोकू

एक रोखठोक मत. हलके घ्या.

शाळेत शिकवा. चवथीची मोठी सुट्टी, मग परीक्षा, मग दिवाळी, मग क्रीडा दिन, विज्ञान प्रदर्शन, त्यात हे. दहावीचा पोर्शन कोण पुरा करणार? माझ्या पुतण्याने मागच्या वर्षी तीन आठवडे समूहनृत्याचा सराव केला आणि सहामाहीत गणितात गचकला. त्याचा समावेश कोणी केला?

म्हापशाची_आई

सुडोकू, तुमचा राग कळतो, पण माझ्या मुलासाठी 'नुसतं शिकवा' हाही समावेश नाही. तो नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांना त्याचं नाव माहीत आहे, एवढीच ओळख.

धागाकर्ती, तुमच्या हजेरीपटाच्या यादीत आम्हीही बसतो. मी स्वतःच त्याला कार्यक्रमाच्या दिवशी घरी ठेवते. हॉलमध्ये पत्रा, त्याखाली दोन मोठे स्पीकर, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी माईकवर 'हॅलो, हॅलो, चेक' करतो. आपल्याला त्रास होतो तेवढाच त्याला होत असेल असं लोकांना वाटतं. तसं नसतं, त्याला तो आवाज अंगावर कोसळल्यासारखा होतो. बाकी काही जमलं नाही तरी दोन गोष्टी करा. दिवसभरात काय काय होणार ते चित्रांत काढून आदल्या आठवड्यात घरी पाठवा. आणि एक शांत खोली उघडी ठेवा, जिथे जायला परवानगी मागावी लागत नाही आणि परत आल्यावर 'बरं वाटतंय का रे?' असं दहा जण विचारत नाहीत.

कोथरूडचा_पाहुणा

गोव्याबाहेरचा आहे, पण बी.एड.ला शिकवतो म्हणून नाक खुपसतो.

मुलं एकत्र आणली की आपोआप जवळ येतात, हा आपला आवडता समज. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच त्याला अटी घातल्या होत्या: दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरिष्ठांचा त्याला उघड पाठिंबा हवा. राज्यांच्या स्टॉलवाल्या कार्यक्रमात यातली एकही अट पुरी होत नाही. उलट प्रत्येक वर्ग दुसऱ्या वर्गाशी पहिल्या बक्षिसासाठी भांडतो.

१९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत तणाव होता. एलियट ॲरन्सन यांनी तिथे एक साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. बाकीच्यांना तो भाग त्याच मुलाकडून ऐकावा लागायचा, दुसरा मार्गच नाही. ज्याची बोली कच्ची म्हणून हसत होते, त्याचं नीट ऐकून घ्यावं लागलं, कारण परीक्षा सगळ्या धड्यावर होती. तुमच्या कार्यक्रमाला अशी रचना देता आली तर विषय कोणताही चालेल. आणि हे शिकवण्याच्या तासातच होतं, सुडोकूंनी नोंद घ्यावी.

सुडोकू

घेतली. पोर्शनचा प्रश्न तसाच.

फोंडामाळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. विषय सापडला असं वाटतंय. मध्यान्ह आहाराचे क्रेट उतरवताना आमच्या शिपाईमामांनी सुचवला: पाव.

आहारात आठवड्यातून कितीतरी वेळा भाजी-पाव असतो. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा हॉर्न सगळ्याच वाड्यांवर वाजतो. पोळी, उंडो, कातऱ्याचो पाव, चहात बुडवायची काकणं, यातलं काहीतरी हिंदूंच्या घरी असतं, ख्रिस्तांवांच्या घरी असतं आणि मुसलमानांच्याही. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, धंदा बराच काळ दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या ख्रिस्ती पोदेरांकडे होता, आणि आज कितीतरी फोर्नांवर (भट्ट्यांवर) पीठ मळणारे हात कर्नाटकातले आहेत. आमच्या आठवीतल्या दोन मुलांचे वडील बेकरीतच रात्रपाळी करतात. गहू गोव्यात पिकत नाही, म्हणजे पावाचा कच्चा माल मुळात परप्रांतीय! वास्कोवाली म्हणतात तसं यात कोणीच यजमान नाही, किंवा सगळेच आहेत.

विज्ञानवाल्या सरांनी लगेच आंबवण्याची क्रिया उचलली. पूर्वी पीठ माडाच्या सुराने (माडीने) फुगवायचे, आता यीस्ट. गणितात वजन-किंमत. दहावीला नफा-तोटा, जीएसटी वगैरे जोडता येईल, म्हणजे सुडोकू थोडे शांत होतील.

हळदीचं_पान

कल्पना आवडली, पण एक खडा टाकते. माझ्या मुलीला सिलिअॅक आहे. गव्हाचा कणही चालत नाही. शाळेत वाढदिवसाला केक कापतात तेव्हा ती हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाते. 'सर्वांची शाळा' म्हणून अख्खा दिवस पावाचा केलात तर तिच्यासारख्या मुलाने काय करायचं?

वास्कोवाली

अगदी योग्य मुद्दा. मग 'पाव आणि भाकरी' करा ना. तांदळाची भाकरी गोव्याचीच, ज्वारीची आमच्या विजयपूर-बागलकोटवाल्यांची, नाचणीची सगळ्यांच्या आज्यांची. मात्र तवे आणि पीठ वेगळं, जागा गव्हापासून लांब, नाहीतर उपयोग नाही. तिकडच्या बायका ज्वारीची भाकरी थापताना बघितल्या नसतील तर एकदा बघाच, तळहाताची थाप आणि ताटाचा आवाज ऐकून वर्ग गप्प होतो.

मडगावची_स्पेशल

मी विशेष शिक्षिका आहे. उशिरा येतेय, पण थोडं सविस्तर लिहिते, कारण असे कार्यक्रम बिघडलेले खूप बघितलेत.

तारखेपासून सुरू करू. तुमची मॅनेजमेंट ३ डिसेंबर म्हणेल, कारण तो आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. त्या दिवशी गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, सुट्टी! दरवर्षी कोणीतरी परिपत्रक काढतं आणि मग डोक्याला हात लावतं. कुठल्याही 'दिना'ला बांधून घेऊ नका. दिनाला बांधलं की दिव्यांग मुलं त्या दिवसाची पाहुणी होतात, पुढच्या वर्षीच्या दिनापर्यंत कोणी विचारत नाही.

डोळ्यांना पट्टी बांधून चालायचा खेळ कृपया ठेवू नका. मुलांना त्यातून एवढंच कळतं की आंधळेपण भयंकर आहे. पहिल्या पाच मिनिटांत अडखळणारा मुलगा, वर्षानुवर्षं पांढरी काठी वापरणारा माणूस कसा चालतो ते शिकत नाही. त्याला कीव वाटते, आणि मैत्रीसाठी ती कामाची नाही. त्यापेक्षा श्रवणयंत्रवाल्या मुलीच्या गटाला गोलात बसवा, बोलणाऱ्याचं तोंड तिला दिसेल असं, खिडकी तिच्या पाठीमागे. एका वेळी एकानेच बोलायचं हा नियम लावा. त्याचा फायदा बाकीच्या मुलांनाही होतो, बघा.

मॅनेजमेंट 'हे वरून ठरलेलं नाही' म्हणाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ दाखवा. प्रवेशात भेदभाव नको हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच वाक्यात खेळ आणि मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायच्या असं लिहिलंय, ते कोणी वाचत नाही. स्नेहसंमेलन त्यात येतं. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा उल्लेख होता, आता एकवीस आहेत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही त्यात आहेत. म्हणजे 'आमच्याकडे असं मूल नाही' म्हणणाऱ्या शाळेकडे ते आहे, फक्त त्याला आळशी म्हणतात.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा मी मुलांना घेऊन गेले होते. स्टेजवर काय झालं ते अर्धं विसरले. स्टेजच्या कडेला सांकेतिक भाषेचे दुभाषे होते, ते लक्षात राहिलं. व्हीलचेअरवाल्यांना कोणाला 'जरा उचला हो' म्हणावं लागत नव्हतं. शाळेत तेवढं जमेल असं नाही. पण कामांची यादी करताना प्रत्येक कामापुढे लिहा: हे उभं न राहता करता येईल का? न बोलता? न वाचता? जिथे तिन्ही उत्तरं 'नाही', ते काम बदला.

दिवाडीचो_बोट

अवांतर: पावाचा इतिहास शिकवताना विहिरीत पाव टाकून बाटवल्याच्या गोष्टी कोणत्या टीचर सांगणार? 😀

गुरुजी_निवृत्त

दिवाडीकर, धाग्याची फेरी चुकवू नका. पण मुलं विचारतीलच. आमच्या घरी माझ्या आजीने शेवटपर्यंत पाव खाल्ला नाही, आणि आजोबा चोरून खायचे. नववी-दहावीच्या मुलांना हे घरच्या आठवणी म्हणून गोळा करू द्या. म्हाताऱ्यांनी काय ऐकलं, काय पाळलं, कधी सोडलं. भांडण होणार नाही, कारण प्रत्येक घरात चोरून खाणारा एक आजोबा निघतोच.

आणि हो, सणांचा हट्ट मी सोडला. पावाला घुमटाची साथ चालेल ना?

फोंडामाळ (धागाकर्ती)

कार्यक्रम झाला. कसा झाला ते लिहायचं राहिलं होतं. लांबलचक आहे.

गट आडवे न करता उभे केले: प्रत्येक गटात पहिलीपासून दहावीपर्यंतचं किमान एकेक मूल. वर्गावर्गांतली स्पर्धा त्यामुळे संपलीच. प्रत्येक गटाला एक मोठा कागद भरायचा होता आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या मुलांकडे, कोथरूडकरांनी सांगितलं तसे. एकाने पोदेराशी बोलायचं, एकाने भाकरी करणाऱ्या माणसाशी, कोणी वजनं घ्यायची, कोणी चित्र काढायचं, कोणी घरच्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा. सगळं काम शाळेच्या वेळेत, कार्यानुभव आणि चित्रकलेच्या तासांना. बालरथ सुटल्यावर काहीच नाही. ड्रेस नाही. या दोन अटी मी मीटिंगमध्ये सोडल्या नाहीत आणि त्यावरूनच सगळ्यात जास्त वाजलं.

पालकांना निरोप छापील पाठवला नाही. आठवीतल्या बेकरीवाल्या मुलाने कन्नडमध्ये आणि एका आईने हिंदीत व्हॉट्सअॅपवर बोलून टाकला. पहिल्यांदाच कोणीतरी उलट निरोप पाठवला, तोही कन्नडमध्ये. स्टाफरूममध्ये आम्ही पाच जणी फोनभोवती आणि त्यातलं काही कळेना! शेवटी त्या मुलालाच वर्गातून बोलावून घेतलं. रोजंदारीवरच्या आयांना शनिवार बुडवायला लावणं बरोबर नव्हतं, म्हणून ज्वारीच्या भाकरीवाल्या सकाळी कामावर जायच्या आधी येऊन गेल्या. तवे शाळेच्या पाठीमागच्या पडवीत, गव्हाचं पीठ पुढच्या बाजूला. हळदीचं_पान, तुमच्यामुळे सगळ्यांच्या घरी विचारणा झाली, तेव्हा आमच्याकडेही गहू न चालणारं एक मूल निघालं. टीचरना वाटत होतं त्याला डबा आवडत नाही.

स्वमग्न मुलगा पिठाचे गोळे वजन करत होता. एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर परत करायचा. रांग लागली आणि एका नववीतल्या दादाने कुरकुर केली, तर त्यालाही परत पाठवलं. थोड्या वेळाने वाचनालयाच्या खोलीत गेला आणि तिथेच राहिला. काटा मग दुसऱ्याने घेतला. स्पीकर लावला नव्हता, गुरुजी, त्यामुळे घुमट पटांगणाच्या पार टोकाला, आंब्याखाली.

आता जे जमलं नाही ते. मॅनेजमेंटला पाहुणे, समई आणि भाषण हवंच होतं. तडजोड म्हणून उद्घाटन झालं आणि पाहुण्यांनी 'अशा मुलांना आपण सांभाळून घेतलं पाहिजे' असं सांगितलं, 'अशी मुलं' समोरच बसलेली असताना. काही पालक नाराज आहेत, कारण स्टेज नाही म्हणजे मुलाचा फोटो नाही. दोन गटांत मोठ्या मुलांनीच सगळं उरकलं आणि पहिलीतल्यांना फक्त गोंद धरायला दिला.

आणि हजेरीपट. या वेळी कन्नड वस्तीतली जवळजवळ सगळी मुलं होती. धनगरवाड्यावरची भावंडं नव्हती. मी कारण विचारायला गेले. आई-बाप पहाटेच गुरांमागे जातात, धाकट्याला ताप होता, आणि मोठी त्याला सोडून एवढं उतरून येणार कशी? बालरथ खालच्या तिठ्यापर्यंतच येतो. या कार्यक्रमात काय होतं याच्याशी त्याचा काहीच संबंध नाही.

सुडोकू

पोर्शन?

फोंडामाळ (धागाकर्ती)

नववीचा एक धडा मागे आहे. दहावीचा नाही. नफा-तोट्याची उदाहरणं पोदेराच्या खऱ्या आकड्यांवर सोडवली. पुतण्याला हवी असतील तर पाठवते, सोपी नाहीत.

सुडोकू

पाठवा. मत बदललेलं नाही.

मडगावची_स्पेशल

गटांतल्या छोट्यांसाठी एक करून बघा. कागदाचा मधला तुकडा पहिलीच्या मुलाकडे द्या, ज्याशिवाय बाकीचे जुळतच नाहीत. मोठी मुलं मग झक मारत थांबतात. आणि पाहुण्यांना पुढच्या वेळी कणीक मळायला बसवा, हातात माईक राहणार नाही.

बालरथाचं मात्र बघाच. गाडी संस्थेकडे असते, मार्गाचा विषय पालक-शिक्षक संघाला काढता येतो.

फोंडामाळ (धागाकर्ती)

काढलाय. ड्रायव्हर म्हणतो वरच्या वळणावर गाडी फिरवायला जागा नाही, तिथली दरड काढायला हवी. ते पंचायतीचं काम. पंच म्हणाले अर्ज द्या. अर्जावर पालकांच्या सह्या हव्यात, आणि त्या घ्यायला वर वाड्यावर जायचंय. येत्या रविवारी फोंड्याहून कोणी दुचाकीवाला येत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, माझी स्कूटी त्या चढावर दम टाकते.